कर्त्याच्या रकान्यात कुणाचं नाव?

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला आधी द्यायचं ठरलेलं नाव होतं फ्रिअर फाउंटन. सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत, ती मनोऱ्याची, त्यांच्याच अमदानीत गव्हर्नरांच्या राहण्यासाठी उभी राहू लागली. त्याआधी सातारचं राज्य खालसा झालं तेव्हा हेच गृहस्थ साताऱ्यात रेसिडेंट होते. कराचीत त्यांच्या नावाचा हॉल आहे, लंडनला पुतळा आहे. नाव टिकवायची सोय चोख.

या फ्रिअरसाहेबांच्या घरी एक आया नोकरीला होत्या. नाव अ‍ॅना लिबेराता डिसूझा. हिंदुस्थानी माणसाच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेल्या लोककथांचा इंग्रजीतला अगदी पहिल्यांतला संग्रह या बाईंच्या कथांचा आहे. ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे त्याचं नाव, १८६८ साली लंडनला जॉन मरे यांनी काढला. मुखपृष्ठावर नाव एम. फ्रिअर, म्हणजे साहेबांची थोरली मुलगी मेरी. प्रस्तावना आणि टिपा वडिलांच्या, चित्रं धाकट्या बहिणीची. घरच्या तिघांची सोय लागली. कथा ज्यांनी सांगितल्या त्या आतल्या पानांत.

मी वाळवा तालुक्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. पुस्तक हाती आलं की सगळ्यात आधी त्याची दाखल नोंदवहीत नोंद करायची, ही हाताला लागलेली सवय. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पानं, किंमत आणि शेवटी शेरा. कादंबरीचं काम दोन मिनिटांत होतं. अडतं ते लोकसाहित्याच्या कपाटाशी. ड्यूई साहेबांच्या दशांश पद्धतीत लोकसाहित्याचा क्रमांक ३९८. या ३९८ च्या पुस्तकांत लेखकाच्या रकान्यात जे नाव जातं ते जवळपास नेहमीच गोळा करणाऱ्याचं असतं. सांगणारी, गाणारी बाई एक तर ‘ऋणनिर्देशा’त असते, नाही तर ‘एका वृद्धेकडून’ या दोन शब्दांत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अभ्यासकांनी लिहिलेली काही पुस्तकं या रकान्याकडेच बोट दाखवतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं आहे. बहुतेक इंग्रजीत आहेत, जाडजूड आहेत आणि महाग आहेत. पण त्यातली माणसं आपल्याकडची आहेत.

आधी अ‍ॅनाबाईंची हकीकत. (जुन्या पुस्तकांत आयांचा उल्लेख सरसकट एकेरी असतो. मला ते जमायचं नाही.) १८६५ च्या हिवाळ्यात गव्हर्नर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. हा आमचाच मुलूख, खाली कोल्हापूर-बेळगावकडचा. राहुट्या, हत्ती, घोडे, शिपाई, कारकून, शेकडो माणसांचा तळ. त्या लवाजम्यात गोऱ्या बायकांपैकी मेरी एकटीच, वय वीस. बरोबर अ‍ॅनाबाई. वेळ जाईना म्हणून पोरीनं गोष्ट सांगायला सांगितली. बाईंनी आधी आढेवेढे घेतले आणि मग सांगितली. मेरीनं ती लिहून काढली आणि मला तिचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी: लिहिलेलं तिनं बाईंना परत वाचून दाखवलं, काही सुटलंय का ते विचारलं. आज संशोधनाच्या वर्गात हे धडा म्हणून शिकवतात. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संग्रहात चोवीस कथा आहेत. शेवंतीबाई, सूर्याबाई, चंदनराजा, पंचफुला राणी अशी माणसं इंग्रजी स्पेलिंगच्या झाडीतून डोकावतात आणि लगेच ओळखू येतात. पहिलीच कथा ‘पंचकिन’ नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव दूर रानात, ताडांच्या कोंडाळ्यात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खाली ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात. राक्षसाचा जीव पोपटात, हे आपल्याकडं शेंबडं पोर सांगेल. युरोपातल्या पंडितांना मात्र ही कथा मोठं घबाड वाटली. एडवर्ड क्लॉड यांनी १८८४ मध्ये पंचकिनच्या तत्त्वज्ञानावर निबंध लिहिला, जेम्स फ्रेझर यांनी ‘गोल्डन बाव’ या गाजलेल्या ग्रंथात शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाच्या समजुतीसाठी तिचा दाखला घेतला, जोसेफ जेकब्ज यांनी १८९२ च्या आपल्या भारतीय परीकथांच्या संग्रहात ती घातली. आदिमानवाचं मन कसं चालत होतं हे शोधायला सगळ्यांना ती कामाला आली. जी बाई १८६५ साली जिवंत होती, राहुटीत बसून ती सांगत होती, तिचं मन कसं चालत होतं हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मला स्वतःला संग्रहातली कुंभाराची गोष्ट सगळ्यांत आवडते. पावसाळी रात्र. एक वाघ पावसापासून आडोसा म्हणून एका म्हातारीच्या झोपडीच्या भिंतीला अंग चोरून उभा. आत छप्पर गळतंय. म्हातारी बिचारी सामान इकडचं तिकडं करत कण्हतेय, की एक वेळ वाघ परवडला, हत्ती परवडला, पण हे टपकणं नको. वाघ ऐकतो आणि त्याला धडकी भरते. माझ्यापेक्षा जबर असलेला हा टपकणं नावाचा कोण प्राणी असेल? तेवढ्यात थोडी घेतलेला एक कुंभार आपलं हरवलेलं गाढव शोधत येतो. विजेच्या उजेडात त्याला भिंतीशी जनावर दिसतं. हेच आपलं गाढव, असं समजून तो त्याला बडव-बडव बडवतो, कान पिळतो, वर बसून घरी नेतो आणि दाराशी खुंटाला बांधून झोपतो. वाघ गप. टपकण्याच्या तावडीत सापडल्यावर बोलणार काय?

सकाळी गावात बोभाटा. राजा स्वतः येतो, जमीनजुमला देतो, कुंभाराला सरदार करतो, दहा हजार घोडेस्वार त्याच्या हाताखाली. मग परचक्र येतं आणि राजा म्हणतो, वाघ धरणाऱ्यासारखा सेनापती दुसरा कोण? कुंभाराला तर घोड्यावर बसताही येत नाही. तो एकटाच शत्रूची टेहळणी करायला जातो म्हणतो. बायको त्याला घोड्यावर चढवते आणि दोरीनं आवळून बांधते. घोडं उधळतं ते थेट शत्रूच्या छावणीकडं. थांबायसाठी हा वाटेतलं वडाचं झाड धरतो, तर ओल्या जमिनीतून तेही उपटून हातात येतं. झाड हातात घेऊन घोडा फेकत येणारा हा वीर पाहून शत्रू तहाचं पत्र मागं ठेवून पळत सुटतो. कुंभार पुन्हा घोड्यावर बसायच्या भीतीनं परत येतो तो चालत. लोक म्हणतात, पाहा, एवढा पराक्रम केला आणि साध्या माणसासारखा पायी आला, केवढी ही नम्रता!

ही गोष्ट हसण्यासाठी आहे, पोरांना ती तशीच सांगावी. पण ती कुठं सांगितली गेली ते ध्यानात घ्या. गव्हर्नरच्या तळावर, जिथं तंबूतंबूतून सरदार, कप्तान आणि मेजर बसलेले, तिथं एक आया गव्हर्नरच्या लेकीला सांगते की सेनापती म्हणजे दारूच्या नशेत गाढवाऐवजी वाघावर बसलेला आणि बायकोनं घोड्याला बांधलेला माणूस. अ‍ॅनाबाईंना त्यात गंमत दिसत नसेल असं मला वाटत नाही. हा माझा आपला तर्क, कुठल्या विद्वानाच्या माथी मारू नका. आणि तर्काला थोडा आधारही आहे, कारण या बाईंना लष्कर माहीत होतं ते आजीकडून.

हे आपल्याला कळतं ते मेरीनं केलेल्या आणखी एका चांगल्या कामामुळं. कथांच्या आधी तिनं अ‍ॅनाबाईंनी सांगितलेली त्यांची स्वतःची हकीकत छापली. घराणं मूळ कालिकतकडचं, लिंगायत. पुढं गोव्याजवळ येऊन राहिलं, तिथं आजोबांनी बायको-मुलांसह ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्यांच्या वडिलांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं. आजोबा इंग्रजी पलटणीत हवालदार झाले. टिपूशी लढाया झाल्या तेव्हा आजी पलटणीमागं चालत राहिली. उंच, धिप्पाड, देखणी बाई. तिला शंभरएक कथा येत आणि ती त्या नातवंडांना सांगे. त्यातल्या थोड्याच अ‍ॅनाबाईंच्या लक्षात राहिल्या. नवरा लवकर वारला, दोन मुलं पदरात, म्हणून आयाची नोकरी. मुलाला शिकवलं, तो मोठा झाला आणि पुण्यात नदीत बुडाला. पूर्वी किती स्वस्ताई होती आणि आता इंग्रजी अमलात काय झालं, हेही त्या ऐकवतात, आणि ऐकवतात कुणाला, तर खुद्द गव्हर्नरच्या मुलीला. तिनंही ते गाळलं नाही.

एवढं सगळं १८६८ पासून छापील असूनही पुढची सव्वाशे वर्षं पुस्तक ‘मिस फ्रिअर यांचं’ म्हणूनच चाललं. जर्मन, हंगेरियन, डॅनिश भाषांत गेलं, मराठी, गुजराती, हिंदुस्थानीतही आलं.

२००२ मध्ये किरीन नारायण यांनी या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली. यांचं बालपण मुंबईत जुहूला गेलं, वडिलांचं घर नाशिकचं, आई अमेरिकन चित्रकार. त्यांचं पहिलं नाव झालं ते १९८९ च्या पुस्तकानं, तेही नाशिकच्याच एका स्वामींवर, जे उपदेशाऐवजी गोष्टी सांगत. गोष्ट सांगणारा माणूस समोर बसलेला असताना त्याच्याकडं बघायचं, त्याच्या डोक्यावरून पलीकडं ‘परंपरे’कडं बघायचं नाही, ही त्यांची रीत. हिमाचलातल्या कथांवरचं त्यांचं १९९७ चं पुस्तक तुम्ही हातात घेतलंत तर त्यावर ऊर्मिलादेवी सूद यांचंही नाव दिसेल. कथा त्यांनी सांगितल्या, म्हणून नाव. इतकं साधं आहे. ‘ओल्ड डेक्कन डेज’च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही नारायण यांनी मेरी आणि अ‍ॅना अशा दोघींना शेजारी बसवलं.

त्याच्या पुढचं पाऊल लीला प्रसाद यांचं. २०२० मध्ये कॉर्नेल विद्यापीठानं काढलेलं ‘द ऑडेशस रॅकाँटर’ हे त्यांचं पुस्तक इंग्रजी अमलातल्या चार हिंदुस्थानी कथाकारांवर आहे आणि त्यात पहिला मान अ‍ॅनाबाईंना. दुसरे तिघे पुरुष आहेत: नटेश शास्त्री, रामस्वामी राजू आणि हैदराबादेत ग्रंथपाल असलेले एम. एन. वेंकटस्वामी. (आमच्या धंद्यातला माणूस भेटला की बरं वाटतं.) प्रसाद यांचा मुद्दा असा: साहेबांनी यांच्याकडून कथा मिळवल्या, रीतिभाती लिहून घेतल्या, पण म्हणून या माणसांवर त्यांचा ताबा चालला असं समजू नका. काय सांगायचं, कसं सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात राहिलं. अ‍ॅनाबाईंच्या हकीकतीत त्यांना गरीब बिचाऱ्या आयेचं रडगाणं दिसत नाही. आजीचा पराक्रम, स्वतःचे कष्ट, महागाईवरचा टोमणा, यातून त्यांना मालकाशी बोलतानाही मान ताठ ठेवणारी बाई दिसते. कुठं कुठं मला वाटलं, प्रसाद जरा जास्तच ताणतायत. पण एका आयेच्या दहा-बारा पानांसाठी कुणी इतकं ताणतंय, हेच मुळात नवीन. प्रकाशकांनी हे पुस्तक इंटरनेटवर मोफत ठेवलंय, माझ्या पुतण्यानं छापून आणून दिलं. इंग्रजी सोपं नाही. पहिलं प्रकरण तरी नेटानं वाचावं.

आता आमच्या कपाटाकडं येते. वाळवा तालुका या बाबतीत नशीबवान. बागणीच्या सरोजिनी बाबर आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, दोघांचा जन्म १९२० चा, एकाच तालुक्यात. शिवाय पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. सरोजिनीबाईंनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे ओव्या, गाणी, कहाण्या, उखाणे, कोडी यांचे खंडामागून खंड काढले. ते काम झालं नसतं तर निम्मं साहित्य म्हाताऱ्यांबरोबर सरणावर गेलं असतं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी माझ्यावर बागणीकरांचं मोहोळ सोडायला नको.

आमच्याकडं दूध घालायला येणाऱ्या एक मावशी होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वाचनालयात येऊन बसायला आवडायचं. एकदा मी ओव्यांचा एक जुना खंड उघडून त्यांना वाचून दाखवत होते. दोन-तीन ओव्या झाल्या आणि मावशींनी हात वर केला. “थांबा बाई, ही आमच्या आत्तीची हाय.”

मी म्हटलं, “मावशी, या ओव्या सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात.”

“म्हणत असतील. पर आत्तीनं ह्यात वाड्याचं नाव घातल्यालं. ते कुठाय?”

छापलेल्या ओवीत वाडा नव्हता, नुसतं ‘माझ्या माहेराला’ होतं. मावशींनी आत्तीची ओवी म्हणून दाखवली. तीत भावाचं नाव, गावाचं नाव, वाड्याच्या दारातलं झाड, सगळं ठाकठीक. छापताना कुणीतरी ते काढून टाकलं असेल, किंवा ती मुळातच दुसऱ्या गावच्या दुसऱ्या बाईची ओवी असेल. काही असो. मावशींनी पुढं जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं: “मग हे बुक कुणी लिव्हलं म्हणायचं?”

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्येही हेच. गुरुजींनी किती मायेनं ओव्या जमवल्या, विषयवार लावल्या. कुठली कुणाची, ते मात्र ओवीखाली नाही. तेव्हाची समजूतच तशी होती, की लोकसाहित्य हे सगळ्यांचं, म्हणून कुणा एकीचं नाही.

ही समजूत मोडून काढणारं सगळ्यांत मोठं काम महाराष्ट्रात झालं ते हेमा राईरकर आणि गी पोएतवँ यांचं. गी मूळचे फ्रेंच, पुण्यात आले ते इथलेच झाले, नागरिकत्वही घेतलं. दोघांनी मुळशी तालुक्यातल्या डोंगरी गावांत गरिबांच्या संघटनेचं काम सुरू केलं आणि ते करता करता जात्यावरच्या ओव्या ऐकू लागले. ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं हे काम हजाराहून जास्त गावांत पोचलं. तीन हजारांवर बायका, एक लाखाहून जास्त ओव्या. आणि प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव, गाव, तालुका. राम-सीता, भाऊ, सासू, मुलगी, पंढरपूर, डॉ. आंबेडकर असे विषयांचे फाटे पाडून प्रत्येक ओवी बरोबर जागी बसवलेली. पुढं बेर्नार बेल यांच्या साहाय्यानं कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे दोघांचं १९९६ चं पुस्तक या ओव्यांवरच आहे. ते आमच्या मावशींना कुणी वाचून सांगितलं असतं तर भांडणच मिटलं असतं. आता दोघंही हयात नाहीत. हा सगळा खजिना ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर आहे, ओव्या ऐकताही येतात आणि कितीतरी गाणारणींचे फोटोही आहेत. मोबाइलवर फुकट. सांजवेळी मालिका बघण्यापेक्षा बरं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते. कुणी ऐकत नाही.

जात्यावरच्या बाईला निदान आदर मिळतो. तमाशातल्या बाईला तोही नाही. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे २०२२ मध्ये स्टॅनफर्डनं काढलेलं पुस्तक तिच्याबद्दल आहे. पाईक पुण्यातल्या येरवड्यात वाढल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात शिकवतात. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी दोन दिवस फोटो छापले. पुस्तकाबद्दल फार कुणी लिहिलं नाही.

पाईक विचारतात, अश्लील कुणाला म्हणायचं, हे ठरवतं कोण? फडावर नाचणाऱ्या बहुतेक बाया दलित जातींतल्या. बघणारे, पैसे फेकणारे आणि दुसऱ्या दिवशी नाक मुरडणारे सगळ्या जातींतले. तमाशा महाराष्ट्राची ‘लोककला’ म्हणून दिल्लीला परेडमध्ये चालतो, पण तमासगिरीण शेजारी राहायला आली तर चालत नाही. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पाईक यांनी ते कागदपत्रं तपासून आणि फडावरच्या बायकांशी बोलून पुराव्यानिशी मांडलं, आणि त्या बायका काय मागतायत तेही लिहिलं: माणुसकी. त्यातलं पवळाबाई हिवरगावकरांचं प्रकरण मी वाचलं तेव्हा मला आमचं रेठरे हरणाक्ष आठवल्याशिवाय राहिलं नाही.

बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण. जात सोडून तमाशात गेले म्हणून त्यांच्या त्यागाचं कौतुक होतं, आमच्याकडं तर फारच. संगमनेरकडच्या हिवरगावच्या पवळाबाई महार. बापूरावांच्या लावण्या ज्या गाजल्या त्या पवळाबाईंच्या गळ्यातून आणि पायांतून. बापूराव लिहायचे, बरोबर. पण पवळाबाई उभ्या राहिल्या नसत्या तर त्या कागदाला कुणी विचारलं असतं? बापूरावांनी जात सोडली, याची गोष्ट होते. पवळाबाईंना जात सोडायची मुभाच नव्हती, याची होत नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या कमाईतले पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगतात. आमच्या समाजाच्या बाया नाचवून आलेला पैसा नको, असा त्या नाकारण्याचा अर्थ. पाईक या प्रसंगापाशी थांबतात, आणि नुसतं बाबासाहेबांचं बरोबर होतं म्हणून पुढं जात नाहीत. त्या नकाराचा पवळाबाईंसारखीच्या पोटापाण्यावर आणि इभ्रतीवर काय परिणाम होतो, तेही बघतात. दलित बाईनंच हे लिहायला हवं होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, प्रत्येक ठिकाणी सांगणाऱ्याचं नाव शोधून लावलं की झालं. तसं नाही. क्रिस्चन नोव्हेट्झके यांचं नामदेवांवरचं २००८ चं पुस्तक मी वाचलं आणि गाडी रुळावरून घसरली. नामदेवांच्या गाथेतले सगळे अभंग एका माणसाचे नाहीत, हे आपल्याकडच्या संशोधकांनी पूर्वीच म्हटलंय. पुढच्या कितीतरी नामांनी, विष्णुदास नामांनी, त्याच मुद्रेखाली लिहिलं. आपण त्याला भेसळ म्हणतो आणि खरा नामदेव वेगळा काढायला बसतो. नोव्हेट्झके म्हणतात, ही भेसळ नव्हे, ही रीत. कीर्तनात उभा राहिला की कीर्तनकार नामदेव होतो. त्याच्या बाडात जे उतरतं ते नामदेवाचं. म्हणजे अ‍ॅनाबाईंनी कथा सांगितल्या आणि नाव मिळालं नाही, इथं कितीतरी जणांनी अभंग लिहिले आणि नाव मुद्दाम दुसऱ्याचं लावलं, खुशीनं. त्यांना शोधून बाहेर काढायचं का? मला वाटतं, नाही. जे स्वतःहून नामदेवात विरघळले त्यांना तिथंच राहू द्यावं. ज्यांना विचारलंच नाही त्यांचं मात्र नाव घालावं.

धनगरी ओव्यांचं आणखी वेगळं. बिरोबा आणि धुळोबा यांच्या ज्या लांबलचक कथा गजी-ढोलाच्या संगतीनं रात्रभर चालतात, थोडं गाऊन, थोडं बोलून, त्यातल्या दोन गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. ते १९९२ मध्ये गेले. ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्याबरोबर बसून त्या इंग्रजीत आणल्या, २०१४ मध्ये पुस्तक झालं. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चा इंग्रजी अनुवादही याच बाईंचा, २०११ चा. आमच्या आरेवाडीच्या बिरोबाला जाणारे धनगर हजारो आहेत, आणि त्यांच्या देवाची पूर्ण कथा छापील वाचायची तर इंग्रजी शिकायची पाळी. मराठी प्रकाशकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

किरीन नारायण यांचं ताजं पुस्तक २०२४ चं, वेरुळच्या दहाव्या लेण्याबद्दल. त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. बौद्ध चैत्य आहे, पण आतल्या बुद्धाला कारागीर पिढ्यानपिढ्या विश्वकर्मा मानून हात जोडत आले. नारायण यांच्या वडिलांकडचे लोक गुजराती सुतार, म्हणून त्यांना ओढ. इतिहासाच्या पुस्तकात आपण लेण्याला राजाचं नाव लावतो. कारागिरांनी आपल्या कथांमधून लेणं आपल्या नावावर करून घेतलं, ही मला यातली गमतीची गोष्ट वाटली. या पुस्तकाची मी वाचनालयाला शिफारस केली होती. किंमत बघून समितीनं पुढच्या वर्षीवर ढकललं.

माझ्या जागी आलेल्या ग्रंथपाल तरुण आहेत. वहीतल्या नोंदी आता संगणकावर चढवतायत. त्या प्रणालीत लेखकाखाली सहलेखकाचा रकाना आहे. मी त्यांच्या मागं लागून ‘ओल्ड डेक्कन डेज’च्या नोंदीत तिथं अ‍ॅना लिबेराता डिसूझा घालायला लावलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही, त्यांनी पाहिलंच नसावं. आता ‘डिसूझा’ टाकलं की फ्रिअरबाईंचं पुस्तक वर येतं. मग मी बापूरावांच्या लावण्यांच्या पुस्तकाकडं वळले आणि पवळाबाईंचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, पवळाबाईंनी लिहिलं काय?” मी म्हटलं, अ‍ॅनाबाईंनी तरी कुठं लिहिलं होतं? त्या म्हणाल्या, ते वेगळं, त्यांनी सांगितलं होतं, यांनी दुसऱ्याचं गायलं. मुद्दा त्यांचा चुकीचा नाही. माझाही नाही. चहा झाला, पुन्हा तोच विषय निघाला, आणि नोंद अजून तशीच आहे.